राजूबाईचा पाट

अंगावरनं वारं गेलेल्या, वाचा गेलेल्या, खाटंवर लोळागोळा होऊन पडलेल्या म्हाताऱ्याचा पाट लागलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. हसू नका. मला तवाबी हसू आलं न्हाई आन् आता म्हातारपणीबी येत न्हाई. नुसता अंगावर काटा येतो.

निजामाचं राज व्हतं. हुलसूरला आमचं घर आन् श्रीपतरावाचं घर एका भिंतीला. समदं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. बायको मरून लई वर्सं झालती. उद्धवराव आन् अंकुशराव ही दोन लेकं, दोघांच्या बायका, शेत, बैलं, कशाला काई कमी न्हाई. आन् एका सकाळी अप्पा शेतात उभ्या उभ्या आडवे झाले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. बीदरचा हकीम बघून गेला. म्हणाला, माणूस जगंल, पर ल्हान लेकरावानी सांभाळा.

सांभाळा म्हणं! कुणी सांभाळायचं? सुना सासऱ्यापुढं तोंडावरचा पदर बाजूला करत न्हाईत, त्या काय अंग पुसतील? लेकांनी चार दिस केलं आन् नाकं मुरडली. मंग एक गडी ठिवला, तो अप्पाला उन्हात तसंच टाकून पसार झाला. मी भिंतीवरनं बघायचे. खाटंवर माश्या घोंगावायल्या आन् घरात दोन दोन धट्टीकट्टी लेकं! माझ्या जिभंला हाड न्हाई. म्हणलं, "उद्धवराव, लाज वाटत न्हाई का रं?"

"वयनी, बाई बघायलाव," तो म्हणाला. "रातदिस घरात ऱ्हाणारी."

मला बरं वाटलं. पर परक्या बाईनं परक्या पुरुषाला न्हाऊ घालायचं, त्याच्याच घरात निजायचं, तर गाव काय म्हणंल? ते काम बायकोचं. मंग त्या दोघा शहाण्यांनी डोकं चालवलं. बायकोच आणायची! एखादी इधवा बघून अप्पाचा पाट लावायचा. मला हे कळलं तवा हातातली घागर सुटून पडली. आगं बया, ज्याला गिळताबी येत न्हाई त्याला नवरा करायला निघाले!

बाई आणली भालकीकडची. राजूबाई नाव. पोरसवदाच म्हणायची, नवरा पटकीनं गेलता. एक लेक पदरात, कौसा, दुधाचे दात पडायलेली. राजूबाई दिराच्या घरात राबत व्हती. त्या दिराचं नाव भीमण्णा. मुडदा बशिवला त्याचा! आमच्यात इधवेनं पाट लावला की ती नेसत्या लुगड्यानिशी निघती. पयल्या नवऱ्याचा वाटा त्याच्या घराला, लेकरूबी त्याच्याच घराला. राजूबाईला हे ठावं व्हतं. पर भीमण्णानं तिला गोड बोलून पटवलं, "हा काय खरा पाट हाय व्हय? लोकाच्या तोंडाला झाकण म्हणून दाखवायचा. म्हातारा आज हाय, उद्या न्हाई. मंग ये माघारी, तुझी पोर तुझ्यापशी." घरात तिला धड खायला मिळत नव्हतं. तिनं मान डोलावली.

दिवेलागणीला पाट लागला. सवाष्णीनं इधवेचा पाट बघू न्हाई म्हणतेत. मी बघितला, माळवदावर चढून बघितला. राजूबाई खाटंपाशी मान खाली घालून बसलेली. उद्धवरावानं बापाचा मेलेला हात उचलला, त्यात काळी पोत अडकवली आन् तसाच तिच्या गळ्यापर्यंत नेला. गाठ त्यानंच मारली. आन् अप्पाचे डोळे! बाई गं, ते डोळे एकदा लेकाकडं, एकदा तिच्याकडं, एकदा वर आढ्याकडं फिरायलते. हे काय चाललंय, इतकंच त्या डोळ्यात व्हतं. जिता माणूस, पर बोलता येत न्हाई म्हणून त्याला कुणी इचारलंच न्हाई.

राजूबाईनं काम मातर असं केलं की सख्ख्या लेकीनं करू न्हाई. करडीचं तेल कोमट करून उजवा हात चोळायची, कूस बदलायची, ज्वारीची आंबील चमच्यानं पाजायची. अप्पाला पाठीला कवा फोड आला न्हाई. आन् दिसभर बोलायची. घरात दुसरं तिच्याशी कोण बोलतंय? म्हणून मुक्या माणसाशी बोलायची. आज कौसा काय खात आसंल, कौसाला कोंबड्याचं भ्या वाटतं, कौसाचे केस कोण इंचरतंय. भिंतीपलीकडून मला समदं ऐकू यायचं.

पंचमी आली. तिनं निरोप धाडला, लेकीला दोन दिसासाठी धाडा. भीमण्णाचा उलटा निरोप आला, "पाट लागला ना? मंग आता लेक कुणाची? तुझा तिचा संबंध संपला." राजूबाई भिंतीपाशी आली आन् मटकन खाली बसली. "शकुअक्का," म्हणाली, "माझी कौसा गेली." रडलीबी न्हाई. मी भीमण्णाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पर त्यानं पोर थोडीच येती?

तिनं अप्पाचं काम सोडलं न्हाई. मला वाटलं आता चिडंल, आदळआपट करंल. न्हाई. आन् एका दुपारी मोठ्यानं भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावत गेले. आंबिलीचं भांडं खाली, राजूबाई भिंतीला पाठ लावून उभी. दोन्ही सुना दारात. अप्पाचं तोंड हलायलं व्हतं. "कौ... सा," अप्पा म्हणाले. परत म्हणाले, "कौसा."

इतक्या महिन्यांनी वाचा आली आन् पहिलं नाव कुणाचं? ना लेकाचं, ना देवाचं. कवा न बघितलेल्या पोरीचं! दोघा लेकांना तर कौसा कोण तेबी ठावं नव्हतं.

तिथनं अप्पा सुधरत गेले. अडखळत का हुईना बोलायले, काठी धरून ओसरीपर्यंत यायले. आन् लेकांना घोर लागला. म्हातारा मरंल म्हणून बायको आणली, म्हातारा उठून बसला! आता ही बायको जलमभर घरात, उद्या वाटाबी मागंल. तवा ठरवलं काडीमोड करायचा. पंच बसवून अप्पाच्या हातानं काडी मोडायची की बाई मोकळी. मोकळी कसली? काडी मोडली तरी पाट लागलेला तो लागलेलाच. कौसा मिळायची न्हाई, हे घरबी सुटायचं. राजूबाई जाणार कुठं?

दसऱ्यानंतर पारावर पंच बसले. पोलीस पाटील सिद्धलिंगप्पा मधी. पाट जुळवणारा म्हणून भीमण्णालाबी बोलावलं व्हतं. आम्ही बाया मागं, पदर ओढून. अप्पाला उचलून आणलं. उद्धवरावानं बापाच्या डाव्या हातात काडी दिली. आता एका हातानं काडी मोडायची कशी? तर त्या निलाजऱ्यानं दुसरं टोक स्वतः धरलं! पाट त्यानंच लावला, आता मोडायलाबी त्याचाच हात!

अप्पानं काडी सोडून दिली. "कशाची काडी?" म्हणाले. "पाट लागलाच न्हाई."

सिद्धलिंगप्पा म्हणाले, "श्रीपतराव, सगळ्या गावाला ठावं हाय."

"मला ठावं न्हाई," अप्पा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढायलते, घाम फुटलता. "मी... व्हय म्हणलेलं कुणी ऐकलं? सांगा."

आन् माझी जीभ काय गप बसती? पंचापुढं बाईमाणसानं बोलायचं नसतं, तरी उठून उभी ऱ्हायले. "म्या बघितलंय! हात उद्धवरावानं उचलला, पोत त्यानंच बांधली! अप्पाचं बोटबी हाललं न्हाई!" आमचे मालक तिकडनं डोळे वटारायले. वटारू द्या, म्हणलं.

"मंग ही बाई तुमच्या घरात कोण म्हणून ऱ्हायली?" पाटलानं इचारलं. आता आली का पंचाईत! बायको न्हाई तर मंग कोण? गाव तिला काय नाव ठिवंल?

अप्पा राजूबाईकडं वळले. डावा हात तिच्या डोक्यावर ठिवला. "लेक," म्हणाले. "लेक हाय माझी."

लेक म्हणलं की संपलं बघा. बापाच्या तोंडनं तो शब्द गेला, आता त्या दोघांचा पाट कुणी बापजन्मात लावू शकत न्हाई. राजूबाई तोंडावर पदर दाबून पाटलापुढं गेली आन् इतकंच म्हणाली, "मंग माझी कौसा, पाटील?"

"पाट न्हाई तर पोर आयची," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "भीमण्णा, येत्या बाजारी पोरीला हितं आणून सोड."

राजूबाई पुढं अप्पाच्या घरातच ऱ्हायली, लेक म्हणून. अप्पा गेले तवा त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर व्हतं. पर ते नंतरचं. त्या बाजारच्या दिसाचं सांगते.

भीमण्णा पोरीला घेऊन आला. राजूबाई सकाळधरनं दारात उभी. पोरगी गाडीतनं उतरली, आयकडं बघितलं आन् अशी किंकाळी फोडली की बैलं बुजली. "भूत! ती मेलीय! भूत हाय!" म्हणून भीमण्णाच्या मागं दडली.

त्या मुडद्यानं पोरीला सांगितलं व्हतं, तुझी आय मेली. सर्वपित्रीला आयच्या नावचा घास तिच्याच हातानं कावळ्याला घातला व्हता! मी ऐकलं आन् माझ्या तोंडनं शिवीबी फुटंना.

राजूबाई पुढं गेली न्हाई. पुढं गेली तर पोर पळंल. तिनं हळूच लुगड्याचा काठ घोट्याच्या वर उचलला. "बाई माझी," म्हणाली, "भुताचे पाय उलटे असतेत न्हवं? ये, बघ."

पोरगी लई येळ तिथनंच बघायली. मंग एकेक पाऊल टाकत आली, खाली बसली, बोटांनी आयचा अंगठा चाचपला, मागं जाऊन टाच बघितली.

"सरळ हायेत," म्हणाली, आन् त्या पायांना जी मिठी मारली ती दिवस बुडस्तोवर सोडली न्हाई.