पाखाडीवरचं घर, माणसं दोन

मनस्वी बंद घराला हाक मारते, यावर सगळी कातळवाडी हसते. हसू दे. वाडीला दुसरा धंदा काय?

रत्नागिरी शहराच्या अंगाला चिकटलेली ही वस्ती. घरं दोनशे चौदा. खालच्या मोहल्ल्यातले बाप्ये कतारला नाहीतर बोटीवर, वरच्या आळीतले मुंबईला, आणि कातळावरच्या नव्या इमारतींत बँकेतली माणसं, कोल्हापूरकडचे मास्तर. एकाहत्तर घरं वर्षातले अकरा महिने कुलपात. कुणाच्या घरात किती डोकी, कोण गरोदर, कुणाला साखर, कोण म्हातारं एकटं राहतं, हे सगळं मनस्वीला तोंडपाठ. सतरा वर्षं आशाताईचं काम करतेय ती. दर सहा महिन्यांनी दारोदार फिरायचं आणि वही नव्यानं लिहायची. बाई कामाला वाघ, हे मी नाही, वाडीच सांगेल.

पण वाघालाही गुडघे असतात. विठूअण्णांचं घर पाखाडीच्या टोकाला, चिऱ्याच्या नव्वद पायऱ्या चढून. अण्णा आणि जनीकाकी, दोघंच. मुलगा दीपक कांदिवलीला. एका सालात मनस्वीचे गुडघे धरले, तेव्हा ती पायऱ्यांशी थांबली आणि म्हणाली, वर काय बदलणार आहे? घरी बसून तिनं मागचंच पान उतरवलं. माणसं दोन. एकत्र राहतात. तब्येत ठीक.

पुढे जनीकाकी उपचाराला मुंबईला गेली आणि तिथंच वारली. दिवसकार्य उरकून अण्णा एकटे परत आले. मनस्वीला हे मच्छीबाजारात कळलं. जाऊन भेटायला हवं, असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग आज नको उद्या झालं. पुढचं सर्वेक्षण आलं तेव्हा गुडघा सुजलेला आणि वही उद्या द्यायची होती. हात आपला मागचं पान गिरवत चालला. माणसं दोन. एकत्र राहतात. तब्येत ठीक. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. कागदी घोडे नाचवायला पाय लागत नाहीत हो.

त्या साली जूनमध्ये वादळ आलं. आरोग्य केंद्रानं मनस्वीच्याच वहीतून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी काढली, आणि चार दिवस वाडीतली पोरं त्या एकोणीस घरांत सकाळ-संध्याकाळ जाऊन आली. विसावं घर यादीत नव्हतं. पाखाडीखालची शेजारीण जन्नतचाची, एरवी रोज वर नजर टाकणारी, ती नेमकी लेकीकडे खेडला अडकलेली. अण्णा पडवीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. चौथ्या दिवशी नारळ पाडणारा वर गेला, तेव्हा ते दारापासून चार हातांवर पडलेले होते. सरपटत दाराकडे निघाले होते. इस्पितळात दोन दिवस काढले, मग गेले.

मनस्वीला कुणी चकार शब्द बोललं नाही. वादळाच्या माथी सगळं खपून गेलं. पण चोराच्या मनात चांदणं. कुणी दार वाजवलं की बाई आधी फटीतून बघे, कोण आलंय ते.

गेल्या मे महिन्यात दीपक घर बघायला आला. सर्वेक्षण चालूच होतं. मनस्वी एकेक पायरी धरून नव्वदही चढली. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, एक विचारू? एकट्या माणसांकडे सगळ्यांकडे जाऊन आले म्हणे. बाबाच कसे राहिले?" मग स्वतःच म्हणाला, "हट्टी होते ते. एकटा म्हणून लिहू नका, असं त्यांनीच दटावलं असेल तुम्हाला."

नुसती मान डोलावली असती तर बाई सुटली असती. पण तिनं पिशवीतून वादळाच्या सालची जुनी वही काढली, पान उघडलं आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं वाचलं. तारीख बघितली.

"तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते."

"होय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. मी वर आलेच नव्हते."

तो पान बघत राहिला. आता ओरडेल, वही फेकेल, असं तिला वाटलं. त्यानं तसं काहीच केलं नाही. शेवटी तिच्याच तोंडातून सवयीचा प्रश्न निघून गेला, "आता किती लिहू?"

"दोनच लिहा," दीपक म्हणाला. "तुमच्या वहीत आई आठ महिने जास्त जगली. बाबांनाही जगू द्या थोडे." वही परत देऊन तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली जन्नतचाचीकडे ठेवून मुंबईला गेला. मनस्वीनं शून्य लिहिलं. पण तेव्हापासून ती दर महिन्याला पाखाडी चढते आणि अंगणात उभी राहून हाक मारते, "अण्णा, आहात काय घरात?"

"काय गो बाय," जन्नतचाची खालून विचारते, "कुणाला हाका मारतेस?"

मनस्वी पायऱ्या उतरायला लागते. दहा-बारा उतरते न उतरते तोच तिच्या मनात येतं, आपण फार लवकर निघालो, त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो. मग गुडघ्यावर हात ठेवून ती परत वर चढते आणि अंगणात थांबून राहते.