कोर्ट उठेपर्यंत

परवा हौसामावशी भाजी देऊन लगेच निघाली नाही. माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून आम्ही दोघी हायकोर्टाचं कामकाज बघत बसलो. सरकारी वकिलांनी लिंक पाठवली होती.

मावशी जवळच्याच औंढे गावची. रोज सकाळी पाटी घेऊन कुसगावात आमच्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी असंच येताना एका गाडीने सायकलवाल्याला उडवलेलं तिने पाहिलं... आणि 'पाहिलं' म्हणणारी ती एकटीच निघाली.

मग गाडीवाल्याचा थोरला भाऊ तिच्या दारात येऊ लागला. चार-पाच व्हिलांचा मालक, बोलायला अगदी गोड. "मावशी, सूनबाई कामावरून एकटीच येते का हो?" एवढंच विचारायचा आणि चहा पिऊन जायचा. चहा तिच्याच घरचा!

साक्षीच्या दिवशी वडगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र गोडवा संपला. "गंजी पेटायला काडी एकच लागते," म्हणाला. मावशीने आत जाऊन शपथ घेतली आणि आधी तेच सांगितलं, "सायेब, ह्यो भाईर मला भ्या दावतोय." मग साक्षही दिली, पूर्ण. दारातल्या महिला पोलिसानेही धमकी ऐकली होती. न्यायाधीशांनी सगळं लिहून घेऊन हायकोर्टाला कळवलं.

परवा त्याचा निकाल. साक्षीदाराला धमकावणं हा न्यायालयाचा अवमान, माणूस दोषी. शिक्षा काय... थोडा दंड, आणि संध्याकाळी कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं. का, तर त्याने हात जोडून बिनशर्त माफी मागितली!

माझं डोकंच फिरलं. सून घरी येईपर्यंत ही बाई रोज उंबऱ्यात बसून असायची. गवताची गंजी घरापासून लांब हलवली, रस्ता बदलला. मूळ खटला तर अजून चालूच आहे. आणि ह्याला एक दुपार, पंख्याखाली? मी मोबाईलवर ओरडले... जणू त्यांना ऐकू जाणार होतं.

मावशी मेथी निवडत होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं. "काय म्हनाला त्यो?"

"माफी मागितली."

"कुनाची?"

"कोर्टाची."

"आसं व्हय." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मंग भ्यालं कोन? कोर्ट?"

त्याने वाचून दाखवलेल्या माफीत मावशीचं नावसुद्धा नव्हतं.

आणि मग मला आठवलं... साक्षीच्या आदल्या दिवशी ह्याच ओट्यापाशी मी तिला म्हटलं होतं, "मावशी, जाऊ द्या ना. सांगा, नीट दिसलं नाही म्हणून." काळजीनेच म्हटलं होतं. पण त्यालाही नेमकं तेच हवं होतं.

"मावशी, मी पण तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. चुकलं माझं."

तिने मेथीची दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली.

"लय शानी हाईस. बस मंग आता. म्या उठंस्तवर."

एरवी अहो-जाहो करणारी मावशी पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीत बोलली.

तो तिकडे घड्याळ बघत बसला असेल. मी मेथी निवडत होते... घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.