धावपट्टीवरचं घर

स्नेहलचं सासर मोरेखारचं. ते मोरेखार आता कुठं शोधायला जाऊ नका, त्याच्या छाताडावरून विमानं धावतात. विमानतळासाठी अख्खं गाव उठवलं, खाडीच्या अलीकडं प्लॉट दिले, देवीलासुद्धा टाइल्स लावलेलं नवं देऊळ दिलं. पण माणसं हट्टी. लग्नपत्रिकेवर पत्ता अजून तोच, नुसतं 'मोरेखार'.

ही स्नेहल हळदीचं शूटिंग करते. पहिल्यांदा गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, "सून नाचायची सोडून कॅमेरा नाचवते!" मग तिनं ड्रोन घेतला, तेव्हा त्याच बाया म्हणायला लागल्या, "आमच्या पोरीच्या हळदीला पण वरून काढ हां." पण पोरगी सरळ. आधी शिकून लायसन काढलं, ड्रोनची नोंदणी केली, नंबर चिकटवला, विमा उतरवला. लग्न असेल तिथं उडवायला बंदी आहे का, ते बघितल्याशिवाय ऑर्डरच घेत नाही. तिची सासू बयाबाई म्हणायची, "येवरी कागदा तं तुज्या लग्नालाबी नाय लागली."

यंदा गावकीनं ठरवलं, देवीची पालखी ड्रोननं वरून टिपायची. गाव पांगलेलं, कोणी सीवूड्सला, कोणी महाप्याला. त्यांना मोबाइलवर तरी दर्शन व्हावं. स्नेहल म्हणाली, "परवानगी आली तरच."

तिनं सरकारी साइट उघडली. कुठं उडवणार ते नकाशावर बोटानं दाखवायचं होतं. तिचं बोट आपसूक गेलं ते जिथं ती माप ओलांडून घरात आली होती, तिथं. गाव म्हटलं की तिचं बोट दुसरीकडं जाणार तरी कसं? नकाशात ती जागा होती बरोब्बर धावपट्टीच्या मध्यावर.

झालं. पालखीच्या आदल्या सकाळी दारात पोलीस. ड्रोन उचलला, सासू-सुनेला चौकीत बोलावलं.

"धावपट्टीवर ड्रोन उडवायचाय तुम्हाला?" साहेब म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"उडवला नाही साहेब, नुसतं विचारलंय."

"असलं विचारतं कोण?"

स्नेहलची कानशिलं तापली. "म्हणजे न विचारता उडवतात ते साव, आणि विचारणारी मी चोर? बाजूचा टॉवरवाला बिल्डर फ्लॅटच्या जाहिरातीसाठी रोज उडवतो. परवा तर आमच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींपर्यंत आला होता. त्याला कधी बोलावलंत?"

"आमच्याकडं तशी तक्रार नाही."

बयाबाईनं काठी आपटली. "दादा, पोरीची चूक नाय. बोट ठेवला तितं आमचा घर हाय."

"होतं, आजी."

"हाय! वरती डांबर वतलाव म्हनून काय घर गेला?"

साहेबांनी नकाशा पुन्हा जवळ घेतला. घोळ त्यांच्या ध्यानात आला, पण तोंडानं चूक कबूल करतील ते साहेब कसले! म्हणाले, "ड्रोन घेऊन जा. पण ऐका, तुमचं नवं गावही रेड झोनमध्येच येतं. वरून परवानगी आल्याशिवाय पालखीवर काही उडवायचं नाही. आणि ती लगेच मिळत नसते."

"म्हंजी जुना गाव पन तुमचा, नवा पन तुमचा, नि वरचा आभालबी तुमचाच?" बयाबाई म्हणाली. साहेबांनी ड्रोन टेबलावरून पुढं सरकवला.

स्नेहल घरी आली ती धुमसतच. गल्लीतली पोरं म्हणाली, "वहिनी, टाक ना उडवून, कोण बघतंय?" तिनं ड्रोन कपाटात कोंबला आणि किल्ली कमरेला खोचली. "त्यांना बोलायला जागा ठेवणार नाही मी."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टाकीवर चढली आणि हातातल्या कॅमेऱ्यानं पालखी टिपायला लागली. खाली बेंजो वाजत होता, गुलाल उडत होता, बयाबाई पालखीपुढं ताठ मानेनं चालत होती. पालखी विमानतळाच्या भिंतीपाशी आली. दरसाल इथंच जुन्या वेशीकडं तोंड करून देवीला नारळ देतात. नारळ फुटला आणि डोक्यावर घूं घूं सुरू झाली. टॉवरवाल्याचा ड्रोन! पालखीवर असा घिरट्या घालत होता, जणू देवी त्याच्याच फ्लॅटच्या जाहिरातीला आणून बसवलीय.

बयाबाईनं खालून काठी उगारली. स्नेहलनं आधी कॅमेरा वर वळवून त्या ड्रोनलाच नीट टिपलं, मग फोन लावला.

"साहेब, स्नेहल बोलते, कालची. तक्रार लिहून घ्या. रेड झोनमध्ये ड्रोन उडतोय, शूटिंग आहे माझ्याकडं."

"कुठं?"

"मोरेखार," ती म्हणाली. "नवं. या वेळी बोट बरोबर ठेवलंय. या लवकर."