खालचा सूर

माझी श्रद्धा त्या दिवशी किती पातळ होती, हे आधी सांगते. ह्यांच्या बायपाससाठी मी दोन पानांची यादी केली होती: कागदपत्रं, चार्जर, औषधांच्या वेळा, जपमाळ. आदल्या संध्याकाळीच सगळ्यांपुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले. काम व्हायच्या आधीच खूण करायची, ही माझी जुनी खोड. डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात पोचल्यावर पर्स उपसली, तर माळ तिकडे नोव्हायला, घरी देवघरातच राहिलेली.

मग बोटांच्या पेरांवर जप सुरू केला. चार तासांचं ऑपरेशन सहाव्या तासात गेलं. नर्स येऊन "अजून थोडा वेळ" एवढंच सांगे. दार उघडलं की माझी मोजणी चुके आणि मी पुन्हा एकपासून सुरू करी. एकशे आठ अखंड झाले नाहीत तर ह्यांचं काही खरं नाही, असं मनानं घेतलं होतं. मुलगी वैतागली. "आई, प्लीज! देव काय ऑडिट करतोय का?" मी तिच्यावर खेकसले. ती कॉफी आणायला निघून गेली.

शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ मांडीवर हॅट ठेवून बसले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "काय मोजताय एवढं?" का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं: देवाचं नाव घेतेय, पण मधेच तुटतंय. ते हसले. तरुणपणी ते सोल संगीत गाणाऱ्या पाच जणांच्या गटात खालचा आवाज गात. "रेकॉर्डच्या कव्हरवर फोटो आहे माझा. म्हणजे माझ्या कानाचा. बाकीचा मी पुढच्याच्या केसांमागे." मग म्हणाले, "लांबलेला सूर एकटा कोणीच धरत नाही, मॅडम. आम्ही आळीपाळीनं श्वास घ्यायचो. एक थांबला की बाकीचे धरायचे. ऐकणाऱ्याला सूर अखंडच. तुम्ही श्वास घ्या. मी आहे."

आणि ते गुणगुणू लागले. शब्द नव्हते, एकच खोल, स्थिर सूर. मी त्यावर नाव घेत राहिले. श्वास संपला की थांबत होते, पण सूर चालूच होता. भीती गेली नाही, पण मोजणं कधी सुटलं ते कळलं नाही.

सर्जन बाहेर आले. हे सुखरूप होते. मी आनंदानं त्या गृहस्थांना सांगायला वळले, तर खुर्ची रिकामी.

कॉफी घेऊन मुलगी परतली. तिचे डोळे लाल होते. "ते अंकल लिफ्टपाशी भेटले. त्यांच्या ग्रुपचा लीड सिंगर सकाळीच इथे वारला, आई. त्याची फॅमिली येईपर्यंत थांबले होते. पाचातले आता हे एकटेच उरलेत."

म्हणजे "मी आहे" म्हणाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा सूर धरायला कोणीही उरलं नव्हतं.

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. रोज माळ ओढताना मधे कुकरची शिट्टी होते, फोन येतो. आता मी एकपासून सुरू करत नाही. शांतपणे श्वास घेते आणि तेवढा वेळ कोणीतरी धरून आहे, असं मानते. ती यादी अजून देवघरात आहे. जपमाळेपुढची ती आगाऊ खूण मी खोडलेली नाही. माझं राहिलेलं काम त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी केलं होतं.