मी लावलेली पेटी

"तुमचा माल हाय, आकडा तुमीच वाचा."

असं म्हणून आमचे मिस्त्री गिऱ्हाइकाच्या हातात व्हर्निअर द्यायचे. लेथवर कातलेल्या शाफ्टचं माप घ्यायचं ते साधन. गिऱ्हाईक आकडा वाचायचं, मिस्त्री मान हलवायचे. धान मिलवाले म्हणायचे, आरमोरीत इतका इमानदार कारागीर दुसरा नाही. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही तेच म्हटलं असतं.

गिऱ्हाईक नसलं की मला हाक यायची. "बाई, किती दिसून राह्यलं?" मी वर्कशॉपात झाडलोट करायची, चहा करायची. चौथी शिकलेली. वाटायचं, हा माणूस माझी परीक्षा घेतो. एकदा म्हटलं, "भाऊ, आता मले पास तरी करा."

"पास झाल्या तं मले कोन वाचून दाखवल?"

दोघंही हसलो. मी थट्टा समजून हसले.

त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी होती, सहा खणांची. उघडली की कबाड्याचं दुकान वाटायचं. कानशीजवळ खडू, ड्रिलजवळ पाना, लहानाशेजारी मोठं. दर शनिवारी अर्धा तास बसून ते पेटी लावायचे आणि लावून झाल्यावरही ती तशीच दिसायची. मी फडकं घेऊन जवळ गेले की म्हणायचे, "हात नका लावू बाई. जागा मोडते." जागा कसली, पसारा होता तो.

दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. पेटीला कुलूप, किल्ली खिशात. इकडे आम्ही लेथ, ड्रिल मशीन, वजनकाटा सगळ्यांना झेंडूचे हार घालायचो, पेटी तेवढी राहायची. त्या वर्षी कुलूप बिघडलेलं होतं, नुसती कडी लावून गेले होते. मला वाटलं, एवढी राबणारी हत्यारं, वर्षातून एक दिवस त्यांनाही मिळू दे. सगळी बाहेर काढली. रॉकेलने पुसली, तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं. मग घरी डबे लावते तशी खणांत लावली. पाने पान्यांत, कानशी कानशींत, लहानापासून मोठ्यापर्यंत. मालक म्हणाले, "बाई, आता पेटीवानी पेटी दिसते." मलाही अभिमान वाटला.

दोन दिवसांनी मिस्त्री आले, तेव्हा मालक बँकेत गेले होते. मिस्त्रींनी शाफ्ट बांधला, लेथ सुरू केली. डोळे कामावर ठेवूनच डावा हात मागे दुसऱ्या खणात घातला. तिथे कानस असायची. मी तिथे कातायची धारदार टूलं ठेवली होती, टोकं वर करून. तळवा फाटला.

त्यांनी लेथ बंद केली आणि पेटीकडे वळले. एकेका खणात हात फिरू लागला. बोटांनी चाचपायचे, सोडायचे, पुढे जायचे. कानस तिसऱ्या खणात अगदी वर पडलेली होती, त्यांच्या नाकासमोर. हात तिच्या बाजूने दोनदा गेला. माझ्या ओळीने लावलेल्या हत्यारांवर रक्त सांडत होतं.

मी झाडू टाकून जवळ गेले.

"भाऊ, तुमाले दिसत नाई."

ते स्टुलावर बसले. "कडेकडेचं दिसते. मधात धूर."

"केव्हापासून?"

"तीन वर्सं झाली."

तीन वर्षं मी त्यांच्या हातात चहाचा कप देत होते. लेथच्या हाताने फिरवायच्या चाकाच्या कडेला कानशीने पाडलेल्या खाचा रोज पुसत होते. मला वाटे, झिजलंय. त्या चाक किती फिरलं ते बोटांनी मोजायच्या खुणा होत्या. आणि शाफ्ट धरून फिरणाऱ्या चकपासून दोन हातांच्या अंतरावर वाकून मी लोखंडाचा कीस गोळा करायची.

मी फडकं फाडून त्यांचा हात बांधला आणि बांधताना बोलले. "कोनाचा हात तोडला असता म्हंजे?"

"माहा स्वतःचाच तोडला असता."

"घरी काऊन नाई बसत?"

"घरी काय म्हनून बसू? इथी मिस्त्री हावो. तिथी आंधळा." मग त्यांनी विचारलं, "मालकाले सांगाल?"

"सांगीन."

"आज?"

"उद्या."

मग आम्ही पेटी लावली. ते सांगत गेले, मी ठेवत गेले. तेव्हा कळलं, तिथे लहानमोठं काही नव्हतंच. एका कामानंतर हाताला जे लागतं, ते त्याच्या शेजारी. खडूने खूण झाली की कानस, म्हणून खडू कानशीजवळ. एकदा चुकीच्या जागी पाना ठेवला तर न पाहता म्हणाले, "तो तिथचा नाई." आवाजावरून ओळखलं. पेटी लागली तेव्हा पुन्हा कबाड्याचं दुकान झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. ते हसले. "बाई, ह्या मानसाच्या कामात केसाचा फरक येत नाई, आन् तुमी आंधळा म्हनता?" तरी उठले आणि व्हर्निअर पुढे केलं. "मिस्त्री, वाचा बरं." मिस्त्रींनी ते घेतलं, मान वाकडी करून दाराच्या उजेडाकडे धरलं, मग बाकावर ठेवलं.

"नाई वाचता येत."

लेथचं बटण मालकांनी स्वतः बंद केलं.

पेटी जड होती. एक कडी त्यांनी धरली, एक मी. बसस्टँडपर्यंत पायी निघालो. त्यांना गडचिरोलीची गाडी धरायची होती, तिथे मुलगी राहायची.

"राग आला का?" मी विचारलं.

"आला."

"येऊ द्या. मी पुन्हा बी सांगीन."

"मी तुमच्या जागी असतो तं आदल्या दिवशीच सांगतलं असतं. तुमी एक दिवस काऊन देला?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत चालत होते, ते समोर पाहत होते.

"थांबा बाई," ते म्हणाले. "तुमच्या पायापाशी गड्डा हाय."

मी खाली पाहिलं. होता.