शिडाचं कुंकू
परंदवडीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आम्ही मालवाहू जहाजाचं शीड बनवलं. कापडाचं नव्हे, वाऱ्याच्या जोरावर जहाज ओढणारा फिरता, पोकळ पोलादी खांब. जहाजाला लागणारा बाकीचा जोर शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या इंधनाचा.

मोठा माल निघाला की आमच्याकडे त्याला हळदकुंकू लावतात. जहाज कंपनीचा साहेब शीड ताब्यात घ्यायला आला, "रंगावर डाग कसला?" म्हणाला आणि थिनरच्या बोळ्याने कुंकू पुसून मोकळा झाला.

"अवं साहेब, लेक सासरी निघाली आन् तुमी तिचं कुंकू पुसलं व्हय?" झाडलोट करणाऱ्या मावशी ओरडल्या.

साहेब हसला. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर मी दरासाठी अडून बसलो, त्या दिवशी कुंकवासाठी बसलो. शीड चढवलेल्या ट्रेलरची किल्ली खिशात टाकली. "आता तुम्हीच लावायचं. नाहीतर शीड इथंच राहील."

"आतून लावतो, दिसणार नाही."

"बाहेरून."

शेवटी त्याने लावलं, मी किल्ली दिली. जहाज आज कुठल्याशा समुद्रात वाऱ्यावर चाललं असेल. पण त्याचं ते हसणं आठवलं की अजून माझ्या तोंडात शिवीच येते.