टाळ्यांची साखर

आमच्या घाटकोपरच्या मधुमेह वर्गात देवावर विश्वास असणारे पुष्कळ होते, पण माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ एकटाच. मूळचा मालवणकडचा, विक्रोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. पेढा दिसला की बॉम्ब दिसल्यासारखा दोन पावलं मागे सरायचा. स्वतःच्या वाटीवर त्याने आतून रेघ कोरली होती. लग्नाच्या पंगतीतही तीच खिशातून काढायचा. वाढप्याने भात रेघेच्या वर घातला की डाफरायचा, "मेल्या, रेघ दिसणा नाय तुका?"

दर शनिवारी आहारतज्ज्ञ बाई प्रत्येकाला घरी मोजलेली साखर वहीतून मोठ्याने वाचायला लावत. आकडा चांगला असला की टाळ्या. त्या टाळ्यांनी माझी वाट लावली. माझी साखर दोनशेच्या खाली उतरेना, म्हणून मी एकशे दहा, एकशे पाच असे आकडे मनानेच लिहून न्यायचो. एकदा तर चहाच्या वेळी त्याच्यापुढे फुशारकी मारली, "गोळ्या अर्ध्यावर आणल्यात. सकाळी फक्त मेथीचं पाणी."

त्याने मला जिन्यात गाठलं. "खरां सांग रे, अर्धी गोळी चलता?"

मागून बाई उतरत होत्या. खरं बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मी म्हणालो, "माझे आकडे ऐकतोस ना?"

पुढे काही महिन्यांनी त्याची खुर्ची रिकामी राहू लागली. परतला तेव्हा पायाला बँडेज होतं. अंगठा काढावा लागला होता. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "गोळ्या कमी करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी वहीत डोकं घातलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझोच शाणपणा, बाई."

मग माझी पाळी आली. मी वाचलं, "एकशे आठ." पहिली टाळी त्याची होती.

वर्गातल्या कुणाला हे अजून ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. तो आता गावी असतो. परवा त्याने फोनवर नेहमीसारखं विचारलं, "आज किती?"

"दोनशे तीस," मी म्हणालो. "तेव्हाही तेवढीच असायची रे. एकशे आठ कधीच नव्हती."

पलीकडे त्याने कुठल्याशा कोंबडीला हुसकावलं आणि हळूच विचारलं, "गोळी घेतलंस मां आज?"